कमिशनच्या धंद्याला कंपनी लागते का?

दुसऱ्याचा माल, आपली शिफारस आणि त्या शिफारशीवरून कुणी खरेदी केली तर आपल्याला ठरलेले कमिशन, असा ॲफिलिएट मार्केटिंगचा व्यवहार आहे. ॲमेझॉनने 1996 मध्ये अमेरिकेत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली. आज गेवराई, केज किंवा आष्टीतला कुणीही तरुण मोबाइलवर व्हिडिओ काढतो, खाली वस्तूची लिंक देतो, तीच लिंक व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकतो आणि महिन्याअखेर कमिशन बँकेत जमा होते. दुकान, गोदाम, उधारी यांपैकी काहीच लागत नाही. तरीही पहिले कमिशन हातात पडायच्या आधीच एक प्रश्न त्याला घेरतो: आता कंपनी काढावी लागेल का? चार जण चार सल्ले देतात. कुणी प्रायव्हेट लिमिटेड काढ म्हणतो, कुणी एलएलपी, तर कुणी कसलीच नोंद नको, गुपचूप कमव असे सांगतो. बीड जिल्ह्यातल्या नवख्या माणसाने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पॅनवर, एकल मालकीनेच सुरुवात करावी आणि पहिल्या दिवसापासून हिशेब मात्र चोख ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. कंपनीची वेळ पुढे येऊ शकते. ती कशावरून ओळखायची तेही सांगता येते. पण कमाई सुरू होण्याआधी काढलेली कंपनी या धंद्यात संरक्षण थोडे देते आणि ओझे फार टाकते.

कंपनीचा आग्रह आला कुठून ते आधी पाहू. इंटरनेटवरचे या विषयाचे बहुतेक सल्ले अमेरिकेतून आलेले आहेत आणि तिथे नवख्याला एलएलसी काढायला सांगतात. तिथल्या वायोमिंग राज्याने 1977 मध्ये एलएलसीचा पहिला कायदा केला. 1988 मध्ये अमेरिकी कर खात्याने अशा संस्थेच्या नफ्यावर थेट मालकांच्या हातात कर लावायला मान्यता दिली, तेव्हापासून हा प्रकार झपाट्याने पसरला. एकटा माणूस ती काढू शकतो, जबाबदारी मर्यादित राहते आणि संस्थेवर वेगळा आयकरही सहसा पडत नाही. भारतात असा प्रकारच नाही. नावाने जवळची वाटणारी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, 2008 च्या कायद्याने आली, पण तिला किमान दोन भागीदार लागतात आणि तिच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर व त्यावर 4 टक्के उपकर लागतो. एकट्यासाठी आपल्याकडे वन पर्सन कंपनी आहे. 2005 च्या जे. जे. इराणी समितीने ती सुचवली आणि 2013 च्या कंपनी कायद्यात ती आली. पण ती शेवटी कंपनीच आहे. लेखापरीक्षण, वार्षिक विवरणपत्रे आणि कंपनीचे करदर तिलाही लागू होतात. म्हणजे अमेरिकेत जो सल्ला स्वस्त आणि सोपा आहे तोच इथे महाग पडतो.

कमिशनचा धंदा बीडला नवा नाही. मोंढ्यातला अडत्या काय करतो? शेतकऱ्याचा कापूस, सोयाबीन, तूर स्वतः विकत न घेता खरेदीदाराला गाठून देतो आणि अडत घेतो. उसाच्या फडाकडे टोळ्या नेणारा मुकादमही कमिशनवरच चालतो. पण या दोघांच्या कमिशनमागे मोठी जोखीम असते. अडत्याला शेतकऱ्याची पट्टी चुकती करावी लागते, मग खरेदीदाराकडून पैसे आलेले असोत वा नसोत. मुकादम कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून उचल घेतो, ती कोयत्यांना वाटतो आणि टोळी मध्येच निघून गेली तर उचल फेडायची जबाबदारी त्याच्या गळ्यात पडते. ॲफिलिएटचे कमिशन यापेक्षा वेगळे आहे. समजा कुणी बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपांची तुलना करणारा व्हिडिओ केला. त्यावरून माजलगावच्या एका शेतकऱ्याने 3,000 रुपयांचा पंप घेतला आणि 5 टक्क्यांच्या दराने 150 रुपये कमिशन जमा झाले. पंपाचे बिल विक्रेत्याचे, वॉरंटी उत्पादकाची आणि घरपोच देण्याचे काम ॲमेझॉनसारख्या बाजारमंचाचे. शेतकऱ्याने पंप परत केला तर ते 150 रुपये परत जातात, पण शिफारस करणाऱ्याच्या खिशातून 3,000 जात नाहीत. त्याने कुणाची उचल घेतलेली नाही आणि कुणाची पट्टीही थकवलेली नाही. धंद्याचे कायदेशीर रूप त्याच्या जोखमीवरून ठरवायचे असते आणि इथे बुडण्यासारखी जी रक्कम आहे ती बहुतेक वेळा आपला मोबाइल, जाहिरातीवर घातलेले पैसे आणि वेळ इतकीच असते.

मर्यादित जबाबदारी म्हणजे काय हे नीट कळले की हा मुद्दा उलगडतो. 1896 मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे ॲरन सॉलोमन या चामड्याच्या बुटांच्या व्यापाऱ्याचा खटला आला. त्याने आपला चालता धंदा कंपनी करून तिला विकला होता. 20,007 शेअरपैकी 20,001 त्याचे स्वतःचे आणि उरलेले सहा बायको-मुलांचे. कंपनी बुडाली तेव्हा देणेकरी म्हणाले, हा तर एकाच माणसाचा धंदा, त्याच्या घरातून वसुली करू द्या. न्यायालयाने नकार दिला. कंपनी ही कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती आहे आणि तिचे कर्ज तिचे आहे, असा निकाल लागला. आजही कंपनी कायद्याचा पाया हाच आहे. याच्या उलट आपल्याकडची एकल मालकी. प्रोप्रायटरी पेढीचे नाव हे मालकाचेच धंद्यापुरते नाव असते, ती वेगळी व्यक्ती नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये अशोक ट्रान्स्पोर्ट एजन्सीच्या खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे धंद्याचे देणे घर-जमिनीवर येऊ शकते, हा एकल मालकीवरचा आक्षेप खरा आहे. पण सॉलोमनच्या पाठीमागे देणेकरी होते, कारण त्याच्या धंद्यात उधारी होती. ज्याच्या धंद्यात देणेकरीच नाहीत त्याने कुणापासून वाचण्यासाठी ही भिंत बांधायची? आणि पुढे कधी धंद्यासाठी बँकेचे कर्ज घ्यायची वेळ आली, तर लहान कंपनीच्या कर्जाला बँक संचालकाची वैयक्तिक हमी मागतेच. सही केली की भिंतीला आपणच दार पाडले.

शिफारस करणाऱ्याला खरा धोका आहे तो वेगळ्याच बाजूने. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उभे केले. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ते उत्पादकाला आणि शिफारस करणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तसेच केले तर दंड 50 लाखांपर्यंत जातो आणि शिफारशी करण्यावर एक वर्षाची, नंतर तीन वर्षांपर्यंतची बंदी येऊ शकते. आपण कमिशन घेतो हे प्रेक्षकाला ठळकपणे सांगणेही जून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांपासून बंधनकारक आहे. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशाच्या खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत. रमी आणि फँटसी ॲपच्या लिंकवर गावोगावच्या तरुणांनी कमिशन कमावले, ते दार यामुळे बंद झाले. शेअर बाजाराच्या बाबतीत सेबीने ऑगस्ट 2024 मध्ये नियम बदलून नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी दलालांना संबंध ठेवायला मनाई केली. म्हणजे डिमॅट खात्याची लिंक देऊन सोबत शेअरच्या टिप्स देणे आता धोक्याचे आहे. या सगळ्यांत कायदा बघतो तो व्हिडिओतला चेहरा आणि आवाज. तो चेहरा कंपनीच्या नावाआड लपत नाही. शिफारशीपूर्वी वस्तूची खातरजमा केली होती हे दाखवता आले, तर ग्राहक कायद्याच्या दंडातून सुटका मिळते. म्हणून पंप स्वतः वापरून पाहिल्याचा व्हिडिओ, खरेदीचे बिल आणि उत्पादकाला विचारलेले लेखी प्रश्न जपून ठेवणे हे नोंदणीच्या दाखल्यापेक्षा मोठे संरक्षण आहे.

आता कराचे गणित मांडून पाहू, कारण कंपनी काढली की कर वाचतो हा समज सगळ्यात खोल रुजलेला आहे. समजा वर्षाचे कमिशन 4,80,000 रुपये आले आणि इंटरनेट, जाहिरात, माइक, वस्तू आणून तपासण्याचा खर्च धरून 1,20,000 खर्च झाला. नफा 3,60,000. ही रक्कम व्यक्तीची असेल तर नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत करच नाही आणि 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. ही सवलत फक्त निवासी व्यक्तीला आहे. कंपनीला किंवा एलएलपीला ती मिळत नाही. तोच नफा एलएलपीत राहिला तर 31.2 टक्क्यांनी 1,12,320 रुपये कर. 22 टक्क्यांचा पर्याय घेतलेल्या कंपनीत अधिभार-उपकर धरून 25.168 टक्क्यांनी साधारण 90,600 रुपये. यावर जाणकार म्हणेल की नफा तिथे ठेवायचाच कशाला, पगार काढून घ्या. बरोबर आहे. एलएलपीत पहिल्या 6 लाखांच्या हिशेबी नफ्यावर 90 टक्क्यांपर्यंत रक्कम काम करणाऱ्या भागीदारांना मोबदला म्हणून देता येते. मग 36,000 रुपयेच उरतात आणि कर 11,232 वर येतो. कंपनीतही संचालकाच्या पगारातून असेच करता येते. पण हे करण्यासाठी करारनामा हवा, मोबदल्यावर टीडीएस कापून तो भरायला हवा, त्याची तिमाही विवरणपत्रे द्यायला हवीत. एवढे करून आपण पोहोचतो तिथेच, जिथे एकल मालक काहीही न करता उभा होता. कंपनीचा दर खरा फायद्याचा ठरतो तो नफा 24 लाखांच्या पुढे, म्हणजे व्यक्तीच्या 30 टक्क्यांच्या टप्प्यात गेल्यावर आणि तो घरी न नेता धंद्यातच गुंतवायचा असेल तेव्हा. घरी नेताना लाभांशावर पुन्हा कर लागतोच.

इथे एका ठिकाणी पुष्कळ जण फसतात. लहान व्यावसायिकांसाठी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, उलाढालीच्या 6 किंवा 8 टक्के नफा दाखवून हिशेबाची कटकट टाळता येते, असे ऐकून ॲफिलिएट तीच पद्धत वापरायला जातात. आयकर कायद्याचे ते कलम, जुन्या कायद्यातले 44एडी, कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला स्पष्टपणे वगळते. म्हणून कमिशन कमावणाऱ्याला प्रत्यक्ष जमाखर्च मांडूनच रिटर्न भरावे लागते. एखाद्या ब्रँडने व्हिडिओसाठी ठरावीक मोबदला दिला असेल तर तो कमिशनपेक्षा वेगळा असतो, त्याची नोंद वेगळी ठेवावी. आणि फुकट मिळालेल्या वस्तूही उत्पन्नात धराव्या लागतात. कमिशन वर्षाला 20,000 रुपयांच्या वर गेल्यास ते देणारी कंपनी 2 टक्के टीडीएस कापते. हा दर ऑक्टोबर 2024 पर्यंत 5 टक्के होता. वरच्या उदाहरणात सगळे कमिशन एकाच कंपनीकडून आले असेल तर 9,600 रुपये कापले जातील, आणि कर शून्य असल्यामुळे ते सगळे परत मिळतील, पण रिटर्न भरले तरच. पॅन दिला नाही तर कपात 20 टक्के होते. ज्यांना गुपचूप कमव असा सल्ला मिळतो, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की टीडीएस कापला त्या क्षणी हे उत्पन्न आपल्या पॅनखाली खात्याच्या नोंदीत आलेले असते. कमिशनला शेतीचे उत्पन्न म्हणून दाखवणेही तितकेच चुकीचे, ती नोंद समोर असताना ते टिकत नाही. एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी ही चौकट तीच आहे.

कंपनीचे ओझे मात्र कमाईवर अवलंबून नसते. एक रुपयाचाही व्यवहार झाला नाही तरी लेखापरीक्षक नेमावा लागतो, ताळेबंद तपासून घ्यावा लागतो, वित्तीय पत्रके आणि वार्षिक विवरण कंपनी निबंधकाकडे दाखल करावे लागते, वेगळे आयकर रिटर्न भरावे लागते. महाराष्ट्रात कंपनीला वर्षाचा 2,500 रुपये व्यवसाय करही लागतो. उशीर झाला तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला 100 रुपये जादा शुल्क आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन अर्ज वर्षभर राहिले तर 73,000 रुपये झाले. आपल्या उदाहरणातल्या नफ्याचा हा पाचवा हिस्सा आहे. नोंदणी मात्र फार सोपी झाली आहे. 15 लाखांपर्यंतच्या भांडवलाला केंद्राचे नोंदणी शुल्क शून्य आहे, त्यामुळे काढायला सोपी आणि पाळायला अवघड अशी स्थिती तयार होते. 2017 मध्ये केंद्र सरकारने विवरणपत्रे न भरणाऱ्या दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे पटावरून काढली आणि तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवले. त्यात बनावट कंपन्या होत्या, तसे उत्साहाने कंपनी काढून विसरून गेलेले लहान लोकही होते. ॲफिलिएटच्या धंद्यात हा धोका जास्त आहे, कारण अनेकांची कमाई सुरूच होत नाही. ॲमेझॉनच्या भारतातल्या योजनेत 180 दिवसांत किमान तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खातेच बंद होते. खाते बंद झाले तर एकल मालक दुसऱ्या दिवशी दुसरे काम धरतो. कंपनीवाल्याला मात्र ती बंद करण्यासाठीसुद्धा अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि 10,000 रुपये शुल्क भरावे लागते.

कंपनी असली की लोकांचा विश्वास बसतो, हा आक्षेप बीडमध्ये वारंवार ऐकू येतो आणि तो हलका मानता येणार नाही. पण बीडनेच याचा कडू अनुभव घेतला आहे. ज्ञानराधा मल्टिस्टेट ही केंद्राच्या कायद्याखाली रीतसर नोंदलेली सहकारी पतसंस्था होती. तिच्या शाखा होत्या, पाट्या होत्या, लेटरहेड होते. तरीही असंख्य ठेवीदारांचे पैसे अडकले आणि 2024 मध्ये गुन्हे दाखल होऊन प्रकरण सक्तवसुली संचालनालयापर्यंत गेले. नोंदणीचा दाखला संस्था अस्तित्वात आहे एवढेच सांगतो. ती सचोटीने चालते का, याबद्दल तो काहीच बोलत नाही. फवारणी पंपाचा व्हिडिओ पाहणारा शेतकरी कंपनीचा नोंदणी क्रमांक बघत नाही. पंपाची बॅटरी एका चार्जिंगमध्ये किती टाक्या मारते हे खरे सांगितले का, हे बघतो. राहिला प्रश्न बँकेचा आणि ब्रँडचा. धंद्याच्या नावाने चालू खाते उघडायचे तर बँक व्यवसायाचे पुरावे मागते, आणि ते एकल मालकालाही सहज मिळतात. उद्यम नोंदणी 2020 पासून आधारवर, ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे. तिच्या नावाने पैसे उकळणारी संकेतस्थळे निघाली आहेत, त्यांना एक रुपयाही देऊ नये. दुकाने आणि आस्थापनांच्या 2017 च्या राज्य कायद्यात लहान आस्थापनेला ऑनलाइन सूचना दिल्यावर पावती मिळते, जिला लोक अजून गुमास्ताच म्हणतात. या दोन कागदांवर चालू खाते उघडते, आणि सगळे कमिशन त्याच खात्यात, सगळा खर्च त्याच खात्यातून, घरखर्च वेगळ्या खात्यातून, एवढी एक शिस्त पाळली तर वर्षअखेर रिटर्न भरताना सीएलाही शोधाशोध करावी लागत नाही.

जीएसटीची भीती फार आहे, पण सुरुवातीच्या माणसाला तो सहसा लागू होत नाही. महाराष्ट्रात सेवांसाठी वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. कमिशन देणारी कंपनी बंगळूरची असली तरी सेवा पुरवठादाराला ऑक्टोबर 2017 च्या अधिसूचनेने हीच सूट परराज्यातल्या व्यवहारालाही दिली आहे. परदेशी कंपन्यांच्या कमिशनवर मध्यस्थ म्हणून 18 टक्के कर पडण्याचा वाद होता. ती तरतूद काढण्याची शिफारस जीएसटी परिषदेने सप्टेंबर 2025 मध्ये केली, तेव्हा परदेशी कमिशन मोठे असेल तर ताजी स्थिती सीएला विचारून घ्यावी. मुख्य मुद्दा असा की जीएसटी उलाढालीवरून ठरतो. कंपनी काढल्याने तो टळत नाही आणि एकल मालकी ठेवल्याने लवकर येत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप असा की पुढे कंपनी करायचीच असेल तर आताच का नको, नंतर बदलताना सगळे नव्याने करावे लागेल. यात तथ्य आहे. ॲफिलिएटचे खाते पॅनशी बांधलेले असते आणि ॲमेझॉनच्या करारात लेखी परवानगीशिवाय ते दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. कंपनीचा पॅन वेगळा, म्हणजे खाते नवे, खाते नवे म्हणजे लिंकमधली ओळख नवी, आणि तीनशे व्हिडिओंखालच्या जुन्या लिंक बदलत बसणे आले. पण यावर स्वस्त उपाय आहे. स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यावे आणि व्हिडिओखाली बाजारमंचाची लिंक थेट न देता आपल्या डोमेनवरचा पत्ता द्यावा, जो पुढे त्या वस्तूकडे पाठवतो. ही पद्धत त्या बाजारमंचाच्या नियमांत बसते का ते आधी वाचून घ्यावे आणि लिंक कुठे जाते हे प्रेक्षकापासून लपवू नये. मग खाते बदलले तरी बदल एकाच जागी करावा लागतो. कराच्या बाजूनेही रस्ता मोकळा आहे. एकल मालकाने आपला पूर्ण धंदा कंपनीला दिला, मोबदल्यात फक्त शेअर घेतले आणि किमान 50 टक्के मतदानाचा हक्क पाच वर्षे स्वतःकडे ठेवला, तर त्या हस्तांतरावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. बदलाचा खर्च एकदाच येतो, कंपनी पाळण्याचा खर्च दर वर्षी.

माझ्या मते नवख्या ॲफिलिएटचा सगळ्यात मोठा कायदेशीर धोका न लिहिलेल्या भागीदारीत आहे, आणि याकडे कुणाचे लक्ष नसते. परळीतले दोन मित्र मिळून चॅनल चालवतात. एक बोलतो, दुसरा चित्रीकरण करतो, कमिशन एकाच्या खात्यात येते आणि महिन्याअखेर निम्मे-निम्मे वाटले जाते. दोघांनाही वाटते, आपण काहीच काढलेले नाही. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या दृष्टीने मात्र नफा वाटून घेण्याचे ठरवून दोघांनी मिळून धंदा चालवला की भागीदारी झाली, कागद असो वा नसो. आणि भागीदारी झाली की धंद्याच्या ओघात एकाने केलेल्या कृत्याला दुसराही पूर्णपणे जबाबदार ठरतो. एकाने ब्रँडकडून आगाऊ 50,000 घेतले आणि व्हिडिओ केलाच नाही, तर ब्रँड ती पूर्ण रक्कम दुसऱ्याकडून मागू शकतो, जरी त्याला त्यातला रुपयाही मिळाला नसेल. उलट बाजूने, पेढी नोंदलेली नसेल तर त्याच कायद्याच्या कलम 69 नुसार तिला करारावरून बाहेरच्यांवर दावा लावता येत नाही, आणि भागीदारालाही पेढीवर आपल्या करारातल्या हक्कांसाठी दावा करता येत नाही. पेढी मोडून हिशेब मागणे एवढेच उरते. त्यात आयकराचा घोळ वेगळा. सगळे कमिशन एकाच्या पॅनवर दिसते, तो निम्मे दुसऱ्याला देतो आणि ते कोणत्या नात्याने दिले याचा कागद नाही. चॅनलचा पासवर्ड कुणाचा, नाव कुणाचे, सोडून जाताना प्रेक्षक कुणाकडे राहणार, हे ठरलेले नसते आणि भांडण याच गोष्टींवरून होते. म्हणून दोघे असतील तर दोन सरळ मार्ग आहेत. एक, मालक एकच आणि दुसरा ठरलेल्या मोबदल्यावर काम करणारा, तसा लेखी करार. दोन, स्टॅम्पपेपरवर भागीदारी करारनामा, त्यात भांडवल, वाटा, खाते, चॅनल आणि बाहेर पडण्याची रीत, आणि निबंधकाकडे नोंदणी. रकमा मोठ्या असतील आणि एकमेकांच्या कृत्यांची जबाबदारी घ्यायची नसेल तर एलएलपी. इथे, आणि फक्त इथे, सुरुवातीलाच वेगळ्या रूपाचा विचार करणे मला योग्य वाटते.

बीडसारख्या जिल्ह्यात आणखी एक शंका घराघरात असते: रिटर्न भरले तर सरकारी योजना बंद होतील का? पीएम किसानच्या निकषात मागील करनिर्धारण वर्षात आयकर भरलेल्या शेतकऱ्याला वगळले आहे. रिटर्न दाखल करणे आणि कर भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर शून्य निघाला तर केवळ रिटर्नमुळे तो निकष लागू होत नाही. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. मुलाचे कमिशन तीन-साडेतीन लाखांवर गेले तर घराचे उत्पन्न त्या मर्यादेबाहेर जाते आणि तेव्हा लाभ सोडणे हेच कायदेशीर. तो टिकवण्यासाठी कमाई आईच्या किंवा बायकोच्या नावाने दाखवणे ही पळवाट जोखमीची आहे, कारण खाते, पॅन आणि व्हिडिओतला चेहरा वेगवेगळे असले की ॲफिलिएट योजनेचे नियम मोडतात आणि साठलेले कमिशनही अडकू शकते. घरातली बाई स्वतःच व्हिडिओ करत असेल, वस्तू तपासत असेल, तर तिच्याच पॅनवर आणि तिच्याच खात्यावर एकल मालकी असणे योग्य आहे आणि उद्यम नोंदणीही तिच्या नावाने व्हावी. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर मात्र यातले काही करू नये, कारण अल्पवयीनाने केलेला करार 1872 च्या करार कायद्यानुसार टिकत नाही.

एकल मालकी सोडायची वेळ कमाईच्या आकड्यापेक्षा धंद्याच्या स्वभावावरून ओळखावी. शिफारस करता करता स्वतःच्या नावाचा पंप किंवा बियाणे विकायला घेतले, म्हणजे माल, उधारी आणि ग्राहकाच्या नुकसानीची जबाबदारी आली. पगारी माणसे ठेवली. एखाद्या ब्रँडने करारात असे कलम घातले की त्याचे काही नुकसान झाले तर आपण भरून द्यायचे. बाहेरच्या कुणाला पैसे घालून हिस्सा हवा झाला. यांपैकी एकही गोष्ट घडली की मुकादमाच्या उचलीसारखे देणे धंद्यात शिरते आणि तेव्हा कंपनीचा वार्षिक खर्च विम्याच्या हप्त्यासारखा मानून भरायला हवा. तो करार किंवा ते कर्ज सही होण्याआधी कंपनी उभी राहिली पाहिजे, कारण सहीच्या दिवशी धंदा स्वतःच्या नावावर असेल तर नंतर काढलेली कंपनी त्या देण्यातून सोडवत नाही.